आम्ही वाट लावणारे

पांदण साफ करायला घेतली की दोन ढीग लागतात. एक बाभळीच्या काट्यांचा आणि दुसरा किश्शांचा. काटे कुंपणाला तरी कामी येतात. किश्शांचं काय करायचं? ते मी दुकानात येणाऱ्या माणसांना ऐकवते. पिपरी मेघेला माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासायला बसलेल्या माणसाला मधेच उठून जाता येत नाही, हा आमच्या धंद्याचा मोठा फायदा.

पांदण म्हणजे दोन बाजूंच्या वावरांमधून जाणारी जुनी बैलबंडीची, म्हणजे बैलगाडीची, वाट. पूर्वी या गावातून त्या गावात माणसं अशाच वाटांनी जायची. डांबरी रस्ते झाले आणि पांदणी काट्यात गेल्या. आम्ही काही जण रविवारी कुऱ्हाडी-फावडी घेऊन निघतो, बुजलेली पांदण मोकळी करतो आणि ती पुढच्या पांदणीला जोडून देतो. मग त्यावरून कोणी पायी जावं, कोणी सायकलनं, कोणी बंडी न्यावी, कोणी बकऱ्या. पिपरी मेघेहून अल्लीपूरच्या बाजूला असं जोडत जोडत आम्ही बरेच पुढे गेलो आहोत.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘वाट लावणारे’. हे नाव गोपालभाऊंनी ठेवलं. त्यांचं हार्डवेअरचं दुकान माझ्या दुकानाला लागून. पहिल्या रविवारी ते फावडं खांद्यावर टाकून निघाले, तेव्हा विमलवहिनींनी कुठे चालले म्हणून विचारलं.

“वाट लावाले,” गोपालभाऊ ऐटीत म्हणाले.

“घरची लावून झाली वाटते?” वहिनी म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. भाऊ अजूनही हा किस्सा स्वतःच सांगतात, पण वहिनी समोर नसताना.

* * *

आमचे मुकादम म्हणजे मास्तर. खरं नाव वासुदेवराव. एसटीत कंडक्टर होते आणि कंडक्टरला आपल्याकडे मास्तरच म्हणतात. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. काम सुरू करायचं म्हणजे घमेल्यावर दोन ठोके, थांबायचं म्हणजे एक. कोणी मधेच उभं राहून गप्पा मारू लागलं की मागून आवाज येतो, “पुढं सरका, पुढं जागा आहे.” पुढे बाभूळ असते, पण माणूस सरकतो.

एका गावात शाळेवर नवे मास्तर यायचे होते. आमचे गोपालभाऊ पांदणीतून ओरडले, “मास्तर, पानी लाओ!” वाटेनं जाणाऱ्या एका आजीनं तेवढंच ऐकलं आणि मास्तर आले, मास्तर आले अशी बातमी गावभर झाली. दुपारी आम्ही डबे उघडले तर समोर पोरांची रांग. रविवार असून सगळी आंघोळ करून, तेल चोपडून, भांग पाडून आलेली. मागे आया उभ्या.

त्यांना परत पाठवायचं मास्तरांच्या जिवावर आलं. त्यांनी निंबाखाली वर्ग घेतला. विषय भूगोल! त्यांच्या रूटवरचे सगळे थांबे त्यांनी क्रमानं म्हणून घेतले, फाटे आणि विनंती थांबे धरून. पोरं सुरात म्हणत होती. आयांना शिकवणं फारच पसंत पडलं. मग पुढे बसलेल्या एका पोरीनं हात वर केला.

“सर, आमचं गाव काऊन नाई आलं?”

“तुमच्या गावाला बस नाही ना बाई,” मास्तर म्हणाले आणि वर्ग तिथेच सोडून उठले. पुढचा सगळा वेळ ते काटे ओढत राहिले, घमेलं कोणी वाजवलंच नाही.

का उठले ते मला ठाऊक होतं. त्यांच्या बायकोचं, कुसुमकाकूंचं, माहेरही थांब्यांच्या यादीत नाही. अल्लीपूरच्या अलीकडे हमरस्त्यावर एक फाटा आहे, तिथून आत पांदण जायची, ती थेट काकूंच्या भावाच्या अंगणात. त्याच पांदणीनं काकू नवरी होऊन रेंगीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून सासरी आल्या. पुढे वडील गेले. बहिणीनं वावरातला हिस्सा सोडल्याची सही करायची वेळ आली, तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या की विचार करून सांगते. भावाला ते लागलं. काकूंनी नंतर सही केली, पण त्या दिवशी बहीणभाऊ एकमेकांशी न बोलता घरी गेले आणि तेव्हापासून बोललेच नाहीत. मास्तर किती वर्षं त्या फाट्यावरून गाडी नेत होते. काकू गाडीत असल्या की फाटा येताच खिडकीबाहेर बघत. मास्तर डबल बेल देत आणि गाडी पुढे निघे.

आता काकूंचे गुडघे गेले आहेत. मुलगा पुण्याला आहे, उन्हाळा संपला की दोघांना घेऊन जाणार आहे. मास्तर आमच्यात आले ते एवढ्यासाठी, त्याआधी तिला एकदा माहेरी न्यायचं म्हणून. अल्लीपूरवरून वळसा घालून डांबरी रस्त्यानं जाता येतं, पण तो रस्ता घराच्या मागच्या बाजूला निघतो. काकूंना ते कबूल नाही.

“मांगच्या दारानं काऊन जाऊ मी? चोर हाव का?” त्या मला म्हणाल्या होत्या. “ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं येईन.”

दर रविवारी मास्तर काम करून घरी गेले की काकू विचारतात, “कुठवर आली?” जसं कोणी पाहुणं निघालं आहे आणि गाडीला उशीर झाला आहे.

* * *

वाट बरीच झाली, तेव्हा गोपालभाऊंनी हौसेनं पाट्या करून घेतल्या. ‘ही वाट पायी, सायकल व बैलबंडीसाठी’ असं लिहायचं होतं. पेंटर बाहेरगावचा. बंडी हा शब्द त्यानं जन्मात ऐकला नसावा. चूक आमच्याकडूनच झाली असेल असं समजून त्यानं ती आपल्या मनानं दुरुस्त केली.

आम्ही पाटी रोवून चहा प्यायला गेलो. परत येतो तर पाटीपुढे अर्धं गाव जमलेलं. पाटीवर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘ही वाट पायी, सायकल व बैलबंदीसाठी’.

आमच्या बापजाद्यांच्या पांदणीत आमच्याच बैलांना बंदी करणारे तुम्ही कोण, असा एकंदर सूर होता. गोपालभाऊ हात जोडून सांगत होते की बंदी नाही, बंडी, बंडी. जितकं सांगावं तितका गोंधळ वाढत होता. तेवढ्यात समोरून एक म्हातारे बाबा बंडी हाकत आले, पाटीच्या शेजारून निवांत पुढे गेले. लोकांनी त्यांना थांबवून वाचलं नाही का म्हणून विचारलं.

“म्या त वाचलं,” बाबा म्हणाले, “पन बैलायले कोन वाचून दाखवीन?”

सगळे हसले आणि भांडण मिटलं. ‘द’चा ‘ड’ मीच केला. बारीक अक्षराची कामं माझ्याकडे येतात. मास्तर मात्र हसता हसता पुढच्या वळणाकडे बघत होते. काकूंचा फाटा आता लांब राहिला नव्हता.

* * *

मधल्या काळात पुलगावकडूनही एक गट निघाला होता. त्यांची वाट आणि आमची एक फुटलेली वाट जोडायची ठरली. फोनवर पक्कं झालं की दोघांनी आपापल्या बाजूनं साफ करत यायचं आणि मोठ्या निंबाखाली भेटायचं.

आम्ही निंबाखाली पोचलो. कोणी नाही. गोपालभाऊंनी फोन लावला.

“आम्ही निंबाखालीच आहोत,” पलीकडून आवाज आला. “तुमचीच वाट पाहून राह्यलो.”

वर्धा जिल्ह्यात निंबाखाली भेटू असं सांगणं म्हणजे आभाळाखाली भेटू असं सांगणं! ते दुसऱ्या पांदणीच्या दुसऱ्या निंबाखाली उभे होते आणि मधे पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर. एकमेकांच्या कुऱ्हाडींचे आवाज आम्ही सकाळपासून ऐकत होतो आणि लोक किती कामाला लागलेत म्हणून खूष होत होतो.

वावराचा मालक धुऱ्यावर बसून ही गंमत बघत होता. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. शेवटी तो उठून आला.

“मधातलं वावर माहं हाय,” तो म्हणाला. “च्या कोनत्या निंबाखाली आनू तेवढं सांगा.”

चहा झाल्यावर त्यानं आपणहून धुऱ्यावरून वाट दिली. मास्तरांनी त्याचा हात कितीतरी वेळ सोडला नाही. माणूस एवढ्या सहज वाट देऊ शकतो, हे त्यांना कोणीतरी दाखवायलाच हवं होतं.

* * *

आणि मग राहिला बापूरावांचा तुकडा. बापूराव म्हणजे काकूंचे थोरले भाऊ. फाट्यापासून आतली सगळी पांदण आम्ही मोकळी केली, पण शेवटी त्यांच्या वावरापाशी ती संपायची. त्यांनी नांगरून तिथे तूर पेरली होती.

मास्तर आमच्याबरोबर त्यांच्याकडे आले नाहीत. जावयानं वाट मागितली तर ते हिस्सा मागितल्यासारखं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. ते फाट्यावर थांबले. मी आणि गोपालभाऊ गेलो.

आम्ही तोंड उघडायच्या आत बापूराव म्हणाले, “आंधी जेवा.” वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा. असं जेवण की गोपालभाऊंना बोलवेना. बाहेर आल्यावर म्हणाले, “नमक खाया है, अब किस मुँह से बोलूँ?”

पुढच्या खेपेला आम्ही ठरवून गेलो की आधी विषय, मग जेवण. गोपालभाऊंनी गेल्या गेल्या उपास आहे म्हणून सांगितलं. बापूरावांनी घरात सांगून साबुदाण्याची उसळ करवली, वर दही. त्याच्या पुढच्या खेपेला पोट बिघडल्याचं सांगितलं, तर ताक आलं, भाजलेल्या जिऱ्याचं. वाईट बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. वाढणाऱ्या माणसाचं काय करायचं?

शेवटी ताकाचा पेला हातात धरूनच मी विचारलं. म्हटलं, बापूरावजी, पांदण का मोडली?

त्यांनी तुरीकडे हात केला. रागावले नाहीत.

“ज्याले यावाचं होतं थे आलं नाई,” ते म्हणाले. “मंग वाट कोनासाठी ठेवू?”

ताकाचा पेला मी अर्धाच खाली ठेवला. मी तशीच उठले.

संध्याकाळी मास्तरांच्या घरी गेले. काकू मेथी निवडत होत्या. भाऊ काय म्हणाला ते मी जसंच्या तसं सांगितलं. जुडी संपल्यावर त्या बोलल्या.

“त्याले माहा निरोप सांगजो. म्हनावं, कुसुमनं हिस्सा सोडला, वाट नाई सोडली.”

गोपालभाऊंना घेऊन मी तो निरोप दुसऱ्याच दिवशी नेला. बापूरावांनी ऐकला, उपरणं झटकलं आणि वावरात निघून गेले. जेवा म्हणाले नाहीत, पाणीही विचारलं नाही. त्या घरून आम्ही पहिल्यांदाच उपाशी परत आलो. गोपालभाऊ गाडीवर एकच वाक्य बोलले, “गया काम.”

* * *

पुढच्या रविवारी आम्ही कुदळी न घेताच गेलो. आता पुढे काय करायचं, हे ठरवायला म्हणून फाट्यापासून पायी निघालो. मास्तरही बरोबर होते, हट्टानं. बापूरावांच्या वावरापाशी आलो आणि सगळे उभे राहिले.

बंडीच्या रुंदीएवढी तूर कापलेली होती. शेंगा अजून भरल्यासुद्धा नव्हत्या. त्यावरून वखर फिरवून जमीन सारखी केलेली, आणि वाट सरळ अंगणापर्यंत गेलेली. आसपास कोणी नव्हतं. मास्तर खाली बसले आणि त्यांनी मातीवर हात ठेवला. मग उठले आणि फाट्यावर लावलेल्या माझ्या स्कूटीकडे चालू लागले.

दुपारी आम्ही काकूंना घेऊन आलो. फाट्यापर्यंत ऑटो, तिथून गावातल्या एकाची बंडी. काकूंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. तुरीपाशी आल्यावर बंडी थांबवायला सांगितली. गुडघे दुखतात म्हणून मास्तरांनी हात दिला. थोडं अंतर त्यांनी तो धरला, मग सोडला आणि एकट्या चालू लागल्या. आम्ही मागेच राहिलो. माझ्या चष्म्यावर धुकं आलं होतं, दुकान चष्म्याचं असून पुसायला कापड नव्हतं.

बापूराव अंगणाच्या तोंडाशी उभे होते. काकू त्यांच्यासमोर जाऊन थांबल्या. दोघंही म्हातारी, दोघांची उंची आणि नाक अगदी सारखं. कोण आधी बोलतं, म्हणून आम्ही श्वास धरून उभे.

“काऊन वं कुसुम,” बापूराव म्हणाले, “एवढा उशीर केला?”

काकूंनी पदरानं तोंड पुसलं.

“रस्ता खराब होता, भाऊ.”