सावडीचा गडी

मानवतच्या एका जिनिंगचे मालक व्यंकटराव दरसाल मार्गशीर्षात क्रिकेटचा 'आंतरराष्ट्रीय' सामना भरवत. आता नगरची पोरं म्हणजे कुठला परदेश? पण इकडं निजामाचं राज्य, तिकडं इंग्रजाचं. नाणं वेगळं, मधे जकातीचं नाकं. झालं आंतरराष्ट्रीय! व्यंकटराव एकदाही हरले नव्हते. हरतील कसे? आदल्या दिवशी पाहुण्यांना असा तर्रीदार रस्सा वाढायचे की सकाळी निम्मे गडी टमरेल घेऊन ओढ्याकाठी.

मुंजाजी त्यांच्या जिनिंगवर हमाल. दिवसभर गठाणं उचलायची आणि संध्याकाळी मालकाला चेंडू टाकायचे. तेही कसे, तर अलगद बॅटवर पडतील असे. चार वर्षं हेच केलं, आणि मालकांना आपण मोठे फलंदाज आहोत असं खरंच वाटू लागलं. खूश होऊन त्यांनी शब्द दिला, "संक्रांतीपासून तुला कायम करतो." घरचं वावर दीड एकर, तेही मुरमाड, आणि होता तो बैलही मेलेला. बायको धुरपदाबाई त्या शब्दावर जीव टांगून बसली होती.

त्या साली नगरहून अकराच्या जागी आठच आले. त्यातले तिघे रश्श्यानं आडवे. पाचच उभे पाहून लोक हसायला लागले, तशी व्यंकटरावांना दिलदारी सुचली.

"मुंज्या, जा रे तिकडं. आजच्या दिस तू त्यांचा गडी." आणि डोळा मारला.

मुंजाजीला डोळा कळला. पण त्याच्या डोक्यात सावड आली. आज मी बैल घेऊन तुझ्या वावरात राबायचं, उद्या तू माझ्या. आणि परक्या वावरात अंग चोरायचं नाही, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलेलं. चोरलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. इकडं नोकरी, तिकडं नाव. मग त्यानं धोतराचा काचा मारला आणि गेला.

पाहुण्यांच्या एकेचाळीस धावा झाल्या, त्यातल्या सव्वीस मुंजाजीच्या. मग त्यानं चेंडू हातात घेतला. मालकाला कुठला चेंडू जमतो हे चार वर्षं पाठ केलेल्या माणसाला कुठला जमत नाही हेही ठाऊक असणारच की! पहिल्याच चेंडूला मधला दांडा उडाला.

पंच होता मालकाचाच मुनीम, राधाकिशन. "वारा आला," तो म्हणाला, "नामंजूर."

दुसऱ्याला पुन्हा दांडा उडाला. "मालक तयार न्हवते."

तिसऱ्याला दोन दांडे उडाले. राधाकिशननं आभाळाकडं पाहिलं, पण तिथंही काही सापडेना. व्यंकटराव बॅट आपटत निघाले आणि त्यांची सगळी टीम सतरा धावांत आटोपली.

"हरामखोरा, माझं खाऊन माझ्यावरच उलटलास? आजपासून तू माझा गडी न्हाईस!" व्यंकटराव सगळ्यांदेखत ओरडले.

"मालक, तुमीच दिलं मला त्यान्ला. दिलेल्या गड्यानं काय झोपा काढायच्या?"

घरी धुरपदाबाईनं भांडी आदळली. "सावड म्हणं! गरिबाला आब्रू परवडती व्हय?" आणि ती लय रडली. तिला रडताना पाहून मुंजाजीला वाटलं, चुकलंच आपलं.

सकाळी दोघं कापूस वेचायला वावरात गेले, तर बांधावर पांढऱ्या विजारीतले आठ जण उभे. टमरेलवाले तिघेसुद्धा! त्यांचा कप्तान बन्सीधर हाही शेतकऱ्याचाच पोरगा.

"आमच्याकडंही सावड असते," तो म्हणाला. "गडी ज्याचा, फेड त्याच्या वावरात. व्यंकटराव म्हणाले, हा माझा गडी नाही. मग तुम्ही तुमचेच की. दुपारच्या गाडीपर्यंत सांगा काम."

वेचणी म्हणजे बायांचं काम, आणि हे आठ बाप्ये! धुरपदाबाई बघतच राहिली. मग तिनं पदर खोचला.

"उभं काय ऱ्हायलाव? कापसाला कमरंला ओट्या बांधा. आन् कापसात काडीकचरा आला तर परत निवडायला लावीन!"

आठ जण वाकले. ती नवऱ्याकडं वळली, तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"आवं," ती म्हणाली, "बैल गेल्यापास्नं आपल्या वावरात सावडीला कुणी पाय ठिवला न्हवता."