सही न्हाई

पेनाला टोपण लावायचं, पेन कागदावर आडवं ठेवायचं आणि कागद समोरच्याकडे सरकवायचा. मग आवाज न चढवता म्हणायचं, “सही न्हाई.” तिला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, आधी हेच सांगेल.

ती शिनोलीची. रोज घोडेगाववरून एसटीनं मंचरला यायची. तिथं लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या मजल्यावर आमची दहा-बारा माणसांची कंपनी होती. डेअरीवर दुधाची फॅट मोजायची यंत्रं आम्ही बनवायचो. यंत्राच्या आतला प्रोग्रॅम ती लिहायची, यंत्र तपासून पास करायचं काम माझं; माल बाहेर पाठवायच्या कागदावर मात्र दोघांचीही सही लागायची. मी वयानं मोठा होतो आणि स्वतःला शहाणाही समजायचो.

दोन हजार सालानंतरचे ते लोडशेडिंगचे दिवस. यंत्र बॅटरीवर चालावं म्हणून सकाळचं दूध झालं की त्यानं झोपायचं आणि संध्याकाळी बटण दाबलं की जागं व्हायचं, रात्रीही तसंच, अशी युक्ती केली होती. कंपनीच्या साहेबांनी ती जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापली होती.

राजुरीच्या एका डेअरीवर हौसाबाईची किटली सकाळी पहिली लागायची, कारण तिला पुढं कांद्याच्या रानात जायचं असे. तिच्या म्हशीच्या दुधाची फॅट नेहमी सात. आमचं यंत्र आलं आणि ती साडेतीनवर आली. पहिल्या दिवशी लोक हसले. चौथ्या दिवशी रांगेतून कुणीतरी म्हणालं, “तुमच्या हिरीला औंदा पाणी लई आलंय वाटतं.” त्यानंतर हौसाबाई डेअरीवर यायची बंद झाली. किटली घेऊन सून येऊ लागली, तीही मान खाली घालून.

तक्रार आमच्याकडे आली तेव्हा मी म्हणालो, “यंत्र मी तपासलंय. बाईच पाणी घालत असणार.” हे वाक्य माझं आहे, लपवण्यात अर्थ नाही.

तिनं माझ्याकडे पाहिलं. “तुमी तपासता कसं?”

“बंद करून परत चालू करतो.”

“म्हंजे मारून परत जन्माला घालता. झोपंतनं उठवून कधी बघितलं?”

कधीच नाही. मला ते सुचलंच नव्हतं.

यंत्रात फॅट मोजणारा भाग आणि त्याचा मेंदू यांच्यामध्ये दोन तारा असतात. त्यांना बस म्हणतात, आणि त्यांवरची निरोपांची ये-जा एक कंट्रोलर सांभाळतो. झोपेत त्याची वीज तुटायची. जागा झाला की कोणत्या वेगानं बोलायचं हेच तो विसरलेला असायचा. पहिला निरोप फसायचा आणि प्रोग्रॅम मुकाट्यानं आदल्या संध्याकाळचा शेवटचा आकडा पुढं करायचा. तो बहुतेक कुणाच्या तरी गाईच्या दुधाचा असे. निरोप फसला की कंट्रोलर नव्यानं सुरू व्हायचा, म्हणून दुसऱ्या किटलीपासून सगळं ठीक.

साहेबांना उपाय लगेच सापडला. “डेअऱ्यांना कळवा, यंत्र उठल्यावरचं पहिलं माप धरू नका.”

“पहिलं माप कुणाचं तरी असतंच ना, साहेब,” ती म्हणाली आणि पेनाला टोपण लावलं. नवी यंत्रं खोक्यात बांधून जिन्यात उभी होती. तिच्या सहीवाचून ती आठवडाभर तिथंच राहिली, आणि साहेब येता-जाता त्या खोक्यांवर राग काढत राहिले.

त्या आठवड्यात तिनं दुरुस्ती केली. मला म्हणाली, “आमचं दादा औत सोडायच्या आधी धरलेलं नांगराचं तास पुरं करत्यात, नवं धरत न्हाईत. आन परत जुंपताना बैलांच्या गळ्यातली जोती नव्यानं आवळत्यात. सकाळी बांधली व्हती म्हणून तशीच हाकत न्हाईत.” यंत्रालाही तिनं तेच शिकवलं. झोपण्याआधी हातातला निरोप पुरा करायचा, नवा घ्यायचा नाही. उठल्यावर वेगबिग सगळं नव्यानं लावायचं. तोवर कुणी फॅट विचारली तर जुना आकडा न देता पडद्यावर ‘थांबा’ लिहायचं.

“गिऱ्हाईक घाबरेल,” साहेब म्हणाले.

“खोट्या आकड्याला घाबरू द्या की.”

मग तिनं आणखी एक मागितलं. चूक यंत्राची होती, बाईची नव्हती, असं कंपनीनं डेअरीला लिहून द्यावं. साहेब म्हणाले, कंपनीचं नाव जाईल. ती म्हणाली, “हौसाबाईचं गेलंच की.”

पत्र निघालं नाही. तिनं रजा टाकली आणि एका सकाळी माझ्या मोटरसायकलवर राजुरी गाठली. तिथलं यंत्र अजून जुन्याच प्रोग्रॅमवर होतं. रांग लागलेली. ते जागं होताच तिनं त्यात माठातलं पाणी ठेवलं. पडद्यावर साडेतीन उमटलं.

“बघा, पाण्याला गाईची फॅट,” ती रांगेला म्हणाली. “चूक आमची हाय. हौसाबाईचं दूध चोख हाय.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “यंत्र मी तपासलं होतं,” मी कसंबसं म्हणालो. सून किटली तिथंच टाकून सासूला आणायला धावली.

त्याच आठवड्यात साहेबांनी तिच्यापुढं राजीनाम्याचा कागद ठेवला. तिनं टोपण लावलं. “सही न्हाई. काढायचं तर तुमी काढा.” त्यांनी काढलं. तिचा प्रोग्रॅम तेवढा ठेवून घेतला. मी तेव्हा गप्प बसलो, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

पुढं ती कुठं गेली ते कळलं नाही. काही वर्षांनी एका सकाळी राजुरीच्या त्या डेअरीवर गेलो. रांगेत पहिली हौसाबाई. मला ओळखून म्हणाली, “ती पोरगी कुटं असती, भाऊ?”

डेअरीवाल्यानं बटण दाबलं. पडद्यावर ‘थांबा’ आलं. हौसाबाई किटलीवर हात ठेवून, ताठ मानेनं थांबली. तिच्यामागं सगळी रांग थांबली. मग आकडा आला, सात.