एव्हर्टच्या हातचा टर्बो

आमच्या शर्यतीचा एक नियम आहे, आणि तो शहाण्या माणसाने केलेला आहे. शर्यत संपली की मैदानावरची कुठलीही गाडी, अगदी पहिली आलेलीसुद्धा, एकाच ठरलेल्या किमतीला कुणीही मागू शकतो. किंमतही कशी, बऱ्यापैकी सायकलीची असावी तेवढी. मालकाला नाही म्हणता येत नाही. पैसेवाल्यांनी गाडीत पैसा ओतून गरिबांना हरवू नये, म्हणून हे सगळं. मागणारे बरेच असले तर चिठ्ठी निघते. ती मी काढते, हेल्मेटमधून. एरवी मी मैदानावर सॉसेज भाजते. माझं कुणाशीच पटत नाही, म्हणून क्लबला मी निःपक्षपाती वाटते.

एव्हर्ट नूर्डमार्क शाळेची बस चालवतो. त्याची जुनी साब गाडी शर्यतीत कायम मधेच कुठेतरी यायची आणि त्यात तो खूश असायचा. गेल्या शरदात त्याची बायको मार्गिट गेली. आमच्या उत्तर स्वीडनमध्ये लोक अंत्यविधीला येतात, केक खातात आणि मग पार वसंतापर्यंत त्या दारात फिरकत नाहीत. दुःखातल्या माणसाला त्रास देऊ नये म्हणे. मला या सभ्यपणाची चीड येते.

त्याच्या दारात गेला तो एकटा सिक्स्टन हेडलुंड. लष्करातल्या दिवसांपासूनचा त्याचा दोस्त, मोडीत निघालेल्या गाड्यांचं यार्ड चालवणारा. गेला तो इंजिनात जादा हवा कोंबणारा एक टर्बो काखेत मारून.

"हे काय आणलंस?" एव्हर्टने विचारलं.

"तुझ्या म्हाताऱ्या साबला नवं फुप्फुस. हिच्याच धाकट्या बहिणीचं आहे. ती आदळली झाडावर. पुढचं सगळं चेपलं, पण हा शाबूत राहिला."

एव्हर्टने आतलं चाक बोटाने फिरवलं, मग त्याचा दांडा हलवून पाहिला. वापरलेल्या टर्बोचा दांडा डुगडुगला की तो कामातून गेलाच समजायचा. हा घट्ट होता.

"माझ्या इंजिनाला मोठा होईल हा."

"मग कारखान्यातून आलेल्या त्या लहानग्या टर्बोने तरी कुठे दिवे लावलेत? वळणातून बाहेर पडताना धाप लागते तिला."

हिवाळाभर त्यांचं हेच चाललं. जुन्या टर्बोचे बोल्ट गंजून बसले होते, ते आगीने तापवून सोडवावे लागले. नव्याची भोकं जुळेनात, म्हणून एव्हर्टने पोलादाची जाड पट्टी कापून, हाताने घासून मधे बसवली. तेलाची नळी पोचेना, ती नव्याने वाकवली. सिक्स्टन उलट्या क्रेटवर बसून दिवा धरायचा, कॉफी ढोसायचा आणि टोमणे मारायचा. हातात कसब म्हणून नाही त्याच्या. त्याने आवळलेला नट दुसऱ्या दिवशी जमिनीवर सापडतो.

"गुनवोर," एव्हर्ट मला एकदा म्हणाला, "तो आला नसता तर मी अंथरुणातून उठलोच नसतो." एरवी त्याच्या तोंडून हवामानापलीकडे काही निघत नाही, म्हणून मला ते भिडलं.

मे महिन्यात शर्यतीला दोघं सिक्स्टनच्या जीपमधून आले, मागे ट्रेलरवर साब. एव्हर्ट पहिला आला. पहिला म्हणजे कसा, शेवटच्या वळणानंतर त्याच्या जवळपास कुणीच नव्हतं. गाडी मागायला अर्थातच रांग लागली.

आता यावर आमच्याकडे एक तोड आहे. आपल्या दोस्तालाही गाडी मागायला सांगायचं. त्याची चिठ्ठी निघाली, की गाडी त्याने गुपचूप परत करायची. कुठे लिहिलेलं नाही हे, पण कुणी मोडलेलं मी पाहिलं नव्हतं. एव्हर्टने सिक्स्टनला सांगून ठेवलं होतं.

मी चिठ्ठी काढली आणि नाव वाचलं. सिक्स्टन हेडलुंड. एव्हर्टचा जीव भांड्यात पडला. त्याने दोघांसाठी सॉसेज मागितले, मग साब ट्रेलरवर चढवली आणि पट्टेही स्वतःच आवळले.

"उद्या सकाळीच आण," तो म्हणाला. "तेल बदलून टाकू."

"तेल मी बदलेन," सिक्स्टन म्हणाला. "माझ्याकडेच राहील ती आता. पुढची शर्यत मी चालवतोय."

एव्हर्ट हसला. त्याला थट्टा वाटली. सिक्स्टन हसला नाही.

"सिक्स्टन, जरा लाज बाळग," मी ठेल्यावरून म्हणाले.

"तू सॉसेज भाज. नियमाने घेतलीय मी."

एव्हर्टने ट्रेलरला हात लावला. मग म्हणाला, "कधी ठरवलंस? आज, ती जिंकल्यावर?"

या मेल्याने नुसतं हो म्हणायचं होतं. मोह कुणाला होत नाही? एव्हर्टने तेही गिळलं असतं. पण सिक्स्टनला आपल्या हुशारीचं कौतुक फार.

"अरे, टर्बो माझ्याकडे होता, पण तो बसवायचे हात तुझ्याकडे. मला जमलं असतं का ते?"

"म्हणजे आणलास तेव्हाच."

"बिघडलं काय त्यात? तुझाही हिवाळा बरा गेला ना?"

एव्हर्टने टोपी घातली आणि चालू लागला. आला होता सिक्स्टनच्या जीपमधून, आता त्याला घरी न्यायला कुणी नव्हतं.

मी शेगडी विझवली आणि माझी गाडी काढली. चिखलाच्या रस्त्यावर त्याला गाठलं, शेजारचं दार उघडलं.

"बस," मी म्हणाले.

त्याने आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"नको, गुनवोर. तू कशासाठी थांबलीस, हेच शोधत बसेन मी घरापर्यंत."