धाकटी मध्ये बोलत नाही

माझी धाकटी जाऊ आज आमच्याच इस्पितळात समाजसेवा अधिकारी आहे. पण मुलगा कमावता झाल्यावर ती समाजकार्य शिकायला कॉलेजात निघाली, तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता. ही बाई जन्मभर लोकांची दुखणीखुपणी निस्तरत फिरतेच आहे, त्याला आणखी परीक्षा कशाला, असं त्यांचं म्हणणं. धाकटीने समजावलं की शिकलं की इस्पितळात, शाळेत, कुटुंब न्यायालयात, तुरुंगातसुद्धा नोकरी मिळते. तुरुंगाचं नाव काढल्यावर सासूबाईंनी तिच्या कॉलेजचा विषय पाहुण्यांसमोर बंदच करून टाकला.

मी वॉर्डची सिस्टर. माझा आवाज जिन्यापर्यंत जातो आणि मला त्याची लाज नाही. धाकटीचं प्रत्यक्ष कामाचं शिक्षण नेमकं माझ्याच वॉर्डात लागलं. म्हटलं, बघू या बाईसाहेबांचं पुस्तकी ज्ञान.

खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारे शिंपीकाका होते. अर्धांगाचा झटका आलेला. हातपाय सावरत होते, पण शब्द जिभेवर येऊन अडायचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही, खोली वरच्या मजल्यावर आणि जिना चढणं आता अशक्य. डॉक्टरांनी शनिवारी खाट मोकळी करायला सांगितली. धाकटी कामाला लागली. वृद्धाश्रम शोधला, तिथली खोली पाहून आली, गाडीसुद्धा ठरवली. मी खूश. मग तिच्या कॉलेजच्या मॅडम आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "काकांना काय हवंय?"

धाकटीचा चेहरा पडला. एवढी धावपळ केली, पण काकांना विचारायचंच राहून गेलं होतं. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर पेशंट ताटकळताहेत आणि इथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! मी तिला वाट्टेल ते बोलले. तिने ते ऐकून घेतलं आणि स्टूल ओढून काकांजवळ बसली.

काकांना घरीच जायचं होतं. त्याच घरात तळमजल्यावर त्यांचा थोरला भाऊ राहायचा. दुकानाच्या वाटणीवरून बिनसलं, तेव्हापासून दोघांत अबोला. धाकटी भावाला भेटून आली. त्याला माझ्याकडे यायचं असेल तर त्याने स्वतः सांगावं, एवढंच भाऊ म्हणाला. काकांनी हातवारे करून तिलाच गळ घातली की तूच सांग. सोपं होतं ते, मीही तेच म्हटलं. धाकटी ऐकेना.

"सांगायचं तुम्हीच, काका. सराव मी करून घेते."

मग रोज दोघं एकच वाक्य घेऊन बसायची: मला घरी तुझ्याकडे ने. अडलं की काका चिडून उशी फेकायचे. ती उशी उचलून आणायची आणि पुन्हा वाट बघायची. कसला चिवटपणा बाईचा! माझ्याच्याने झालं नसतं.

शनिवारी सकाळी भाऊ आला आणि हाताची घडी घालून खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. जमलं नाही तर दुपारी वृद्धाश्रमाची गाडी येणार होती. काकांनी तोंड उघडलं. शब्द येईना. कपाळावर घाम आला. भाऊ दाराकडे बघायला लागला. मला राहवेना. अहो, ते घरी न्या म्हणताहेत, असं सांगायला मी पुढे झाले, तोच धाकटीने माझा हात गच्च धरला. वॉर्डात माझा हात धरायची कोणाची छाती नाही. ती काकांकडेच बघत राहिली. मीही राहिले.

"दादा," काका म्हणाले. मग पुन्हा जोर लावला. "घरी... ने."

भाऊ खाली वाकला, खाटेखालच्या चपला शोधल्या आणि काकांच्या पायात घालायला लागला.

सरावाच्या वाक्यात 'दादा' नव्हतंच. ते काकांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं. मी मध्ये बोलले असते, तर ते राहूनच गेलं असतं.