डेस पायबस आधी विचारतो

टास्मानियात, होबार्टच्या धक्क्यावर आमच्या कचेरीत डेस पायबसचं नाव निघालं की सगळ्यांचे चेहरे खुलतात आणि माझ्या पोटात दुखतं. पंधरा वर्षं मी त्याच्या शेजारी बसते. तोच राखाडी स्वेटर, रोज तोच सॉसेज रोल, कीबोर्डवर सॉसचे डाग.

संशोधनाचं जहाज आलं की त्यावरच्या नोंदी कचेरीतल्या मशीनवर उतरवायच्या आणि जहाजावरचं फोल्डर रिकामं करायचं, हे आमचं काम. त्यासाठीची पहिली स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची फाइल, माझी. चालवताना तिच्या नावापुढे दोन गोष्टी लिहायच्या, आधी कुठून, मग कुठे. क्रम चुकला तर तुमचं नशीब. मग सात वर्षांपूर्वी डेसने त्याची लिहिली. तिला कशाही क्रमाने सांगा, ती बरोबर लावून घेते. काही सांगायचं राहिलं तर थांबते आणि कसं वापरायचं ते चार ओळींत समजावते. लोकांनी ती डोक्यावर घेतली. "डेसची किती समजूतदार आहे," असं जहाजावरची ब्रिओनी मला ऐकवून गेली. म्हणजे माझी अडाणी!

यंदा ठरलं, जहाजावर एकच स्क्रिप्ट ठेवायची, दुसरी काढून टाकायची. बैठक शुक्रवारी होती. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी डेसची फाइल उघडली. सात वर्षांत पहिल्यांदाच, आणि तीही खोट काढायला.

पहिल्या साठ ओळी नुसती विचारपूस. कुठून ते सांगितलंय का, कुठे ते सांगितलंय का. शेवटी एकच ओळ, आणि ती माझीच स्क्रिप्ट चालवत होती! सगळं काम माझं आणि वाहवा याची. माझा नुसता तिळपापड झाला. तेवढ्यात मधली एक टीप दिसली: 'कुठून हे रिकामं असेल तर इथेच थांबव. नाहीतर लॉर्नाची स्क्रिप्ट सगळी डिस्क पुसेल.'

मी माझी उघडून पाहिली. खरंच पुसली असती. कोणतं फोल्डर ते सांगितलं नाही तर ती जहाजावरचं सगळंच रिकामं करायला निघाली असती.

डेस रोल खात होता. मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होतो. पण माझी पहिल्यांदा चालली त्या दिवशी तुझा चेहरा पाहिला. म्हटलं, राहू दे, दारावर आपणच उभं राहू."

हा माणूस वर चांगलाही निघावा, याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

गप्प बसले असते तर माझी काढल्यावर त्याची जहाज आल्यावर ऐन वेळी बंद पडली असती. रात्रभर तो विचार मी गोंजारत होते. पण त्याची बंद पडली की लोक माझी परत आणून चालवणार, आणि तिच्या दारावर कोणीच नसणार. शुक्रवारी मी उठून म्हटलं, "डेसची ठेवा. माझीही पुसू नका, आतलं काम तीच करते. तिच्यात एक घातक चूक आहे, ती सात वर्षं डेस सांभाळतोय."

डेस मान खाली घालून स्वेटरचा धागा ओढत राहिला.

बाहेर पडताना ब्रिओनीने माझा हात धरला. "लॉर्ना, किती मोठं मन गं तुझं."

पंधरा वर्षांत माझं पहिलं कौतुक झालं, तेही डेसमुळे.