काडी ओढायची नाही

आमची मंडळी दर रविवारी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, एका जीन्सच्या कारखान्यात भरते. मशिनी बाजूला सरकवल्या की झालं चर्च. मालक सिंधी. त्याची अट एकच: काडी ओढायची नाही, कापडाचा भुसा भक्कन पेटतो. माझं डोकंच फिरायचं. पेन्टेकॉस्टच्या सणाची गोष्टच अशी की येशूच्या शिष्यांवर अग्नीच्या जिभा उतरल्या, ते परक्या भाषांत बोलू लागले. आणि त्या सणाला आम्ही साधी मेणबत्तीही लावायची नाही?

यंदा त्या दिवशी कोणी काही पेटवलं तर नाही ना, हे बघायला मालक स्वतः दाराशी आला. आत सगळे एकदम, आपापल्या भाषेत प्रार्थना करत होते. माझ्या शेजारची म्हातारी सिंधीत त्याच्याच कारखान्यासाठी, कारागिरांसाठी मागणं मागत होती. तो ऐकत उभा राहिला. मग स्वतःच्या कारखान्यात कधीही चपला न काढणारा तो माणूस, चपला दाराबाहेर काढून आमच्यात येऊन बसला.