कबरस्तानातल्या गारा

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी गारपीट झाली. कबर सकाळीच खोदून ठेवली होती, दफन चार वाजता ठरलं होतं. दोनच्या सुमारास गारा सुरू झाल्या आणि अर्ध्या तासात कबरस्तानात घोटे बुडतील एवढा थर साचला. फाटकापाशी तर उतारावरून वाहत आलेल्या गारांचा गुडघाभर ढीग होता. पेटी खांद्यावरून नेणं शक्यच नव्हतं. माझा भाऊ नुसता बघायला गेला आणि दोनदा आपटला.

"ताई, तुझा लोडर आण," तो फोनवर म्हणाला. "नाहीतर आज होत नाही."

माझा गायींचा गोठा आहे. शेण लोटायला छोटा लोडर घेतलाय. जागच्या जागी वळतो, पुढे रुंद लोखंडी पातं लावता येतं. आई त्याला गाढव म्हणायची. "माझ्या मयतीला तरी ते गाढव धुऊन आण गं," असंही एकदा म्हणाली होती. मी धुतला नाही. वेळ नव्हता.

कबर खोदणारे मामा, म्हणजे आईचे चुलतभाऊ, फाटकाशी उभे होते. "लिंबाच्या बाजूनं घे," ते म्हणाले. "पेटीचा टेम्पो आत आनू, वळायला जागा लागंल."

लिंबाखाली माझं बाळ आहे. वीस वर्षांपूर्वी ते दोन दिवस जगलं. मी दवाखान्यात होते, म्हणून पुरायला आईच गेली. तिने भोवती मुठीएवढे दगड मांडले. नाव ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे क्रूस केला नाही. दर ईस्टरच्या आधी ती त्या दगडांना चुना लावायची आणि मला बोलवायची. मी धारांचं कारण सांगायचे. पुढच्या वर्षी ती पुन्हा बोलवायची.

आता दगड गारांखाली होते. लिंबापासून किती पावलं, ते आईला माहीत होतं. मी अंदाजाने जागा सोडली आणि पातं खाली टेकवलं. मामा हाताने खुणावत होते, अजून थोडं, अजून थोडं. पात्याखाली खडखड झाली. गारांचे गोळे झाले असतील असं समजून मी रेटून दिलं, थेट भिंतीपर्यंत.

साडेचारला टेम्पो आत आला. कबरीतल्या गारा दोघांनी घमेल्याने उपसल्या. पाळकांनी प्रार्थना आटोपती घेतली. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. ती इतकी ओली होती की निम्मी हातालाच राहिली.

दुसऱ्या दिवशी धारा झाल्यावर मी गेले. ढीग वितळला होता. भिंतीलगत चिखल, लिंबाचा पाला आणि त्यात पांढरे दगड. ईस्टर होऊन दोनच आठवडे झाले होते, चुना ताजा होता. लिंबाखालची जमीन मी अंगणासारखी सपाट केली होती. वर फक्त चाकांचे वळ.

मामा कबरीवरची माती नीट करायला आले होते. दगड बघून थांबले.

"मी हात केला म्हनून गेलीस तू."

"लोडर मी चालवत होते, मामा."

"अंदाजानं लावू परत. कुनाला कळतंय?"

"मला."

मी लिंबापासून पावलं टाकून बघितली. चार, पाच, सहा. कुठेही थांबता आलं असतं. जिला विचारायचं तिला कालच पुरली होती.

शेवटी दगड नळावर धुतले आणि आईच्या कबरीच्या कडेला मांडले, तिच्या उजव्या हाताशी. तिथे खाली काही नाही, हे मला माहीत आहे.

आईच्या खोलीची आवराआवर केली तेव्हा खाटेखाली चुन्याचा डबा निघाला. कुंचला त्यातच वाळून लाकूड झाला होता. भाऊ म्हणाला, "टाकून दे, नवा घेऊ."

मी कुंचला पाण्यात भिजत घातला.